एकसारखे फोटो

मला पसारा खपत नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की मी स्वर्गात गेले तर आधी तिथली कपाटं उपसीन आणि मगच कुणाला नमस्कार करीन. बोलायला त्याचं काय जातं? घरातली कात्री कुठे आहे हे विचारायला मात्र तो माझ्याकडेच येतो.

मी एका मोठ्या दवाखान्याच्या भांडारात काम करते. मुदत संपलेलं वेगळं काढायचं, एकाच वस्तूचे दोन ढीग झाले असतील तर एक करायचा, नको ते बाद करायचं. हे काम मला मनापासून आवडतं. त्यामुळे घरातल्यांचे फोन भरून वाहायला लागले तेव्हा क्लाउडवर जागा घ्यायचा बेत माझाच होता. आणि एकदा घेतली म्हटल्यावर तिचा कोपरा न् कोपरा वापरायचा, हेही मीच ठरवलं. फोटो आपोआप वर चढतील असं करून ठेवलं. विजेची बिलं, विम्याचे कागद, मुलीचे दाखले, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळं तिथे. नवऱ्याच्या फोनवर शोधा, माझ्या फोनवर शोधा, चुटकीसरशी सापडतं. कुणी कौतुक केलं नाही. आमच्याकडे कौतुकाची पद्धत नाही.

मग ताईचा नवा फोन आला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा माझी वेणी घालण्यापासून मला दटावून शाळेत पाठवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणते, माणसांपेक्षा मशीनं कमी कुरकुरतात. ती शिलाई मशीनं दुरुस्त करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच. आत मशीनच्या तेलाचा वास, खिळ्याला टांगलेले पट्टे, बरण्यांमधून स्क्रू आणि बॉबिनी, आणि मान वाकवलेला एक दिवा. बास. त्या दुकानावर तिचं पोट चालतं हे झालंच, पण ताईचा खरा जीव तिथे आहे. घरी ती नुसती झोपायला जाते.

आणि काय डोकं होतं तिचं! मशीन खोलून, सुटे भाग कापडावर पसरून ठेवायची, मध्ये दुसरी चार कामं करायची, आणि परत आल्यावर कुठला स्क्रू कुठल्या भोकातला हे न बघता सांगायची. पलीकडच्या बाजारातला एक दुरुस्तीवाला मशीन खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवतो, हे तिला कळलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. म्हणाली, फोटो बघून मशीन जोडणारा उद्या फोटो बघून जेवेल.

तर तो नवा फोन तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काय ते तूच लाव. आता तिचं वेगळं खातं काढायचं, त्याला पासवर्ड ठेवायचा, तो ती विसरणार, मग मला फोन करणार. नसती उठाठेव कुणी सांगितली? माझी एवढी जागा पडली होती. मी सरळ माझंच खातं तिच्या फोनवर चालू करून दिलं. दोघींचे फोटो एकाच ढिगात. माझ्या मुलीचे फोटो तिच्या फोनवर आपोआप दिसायला लागले. तिला वाटलं मी पाठवते. एकदा म्हणाली, तू हल्ली न विसरता फोटो पाठवतेस हं, बरं वाटतं. मी ते कौतुक मुकाट्याने खिशात घातलं.

पुढे माझ्या फोनवर सूचना यायला लागली की जागा संपत आली आहे, आणखी घ्या. आणखी? माझ्या भांडारात कुणी मला असं म्हटलं असतं तर मी त्याला आधी आहे ते आवरायला लावलं असतं. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसले. अॅप स्वतःच मदत करतं. धूसर फोटो एकीकडे काढतं, एकसारखे फोटो एकीकडे. त्या एकसारख्यांमध्ये ताईच्या फोनवरून आलेले फोटोच फोटो. काळं लोखंड, तेलकट दांडा, एक स्क्रू, कडेला ताईचा अंगठा. परत तेच लोखंड, तोच दांडा, स्क्रू नाही. परत तेच. मला वाटलं, काम करताना हात लागून फोटो निघत असतील. नवऱ्याने खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे कुणाच्या पोटाचं ऑपरेशन?" आम्ही दोघंही हसलो.

अॅपने प्रत्येक गठ्ठ्यातला एक फोटो ठेवण्यासाठी निवडला होता आणि बाकीच्यांवर खुणा केल्या होत्या. मी बटण दाबलं. किती जागा भरली ते दाखवणारी वरची निळी पट्टी झरझर मागे सरकली. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! उरलेला चहा मी गॅलरीत उभी राहून प्यायले.

पुढच्या रविवारी ताई आली. एरवी ती आली की आधी मुलीशी मस्करी, मग माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं, मग गप्पा. त्या दिवशी आली आणि खुर्चीत बसून राहिली. मुलगी खेळायला गेल्यावर तिने सांगितलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

घरी बसून कपडे शिवणाऱ्या एका बाईचं ओव्हरलॉक मशीन तिच्याकडे आलं होतं. ओव्हरलॉक म्हणजे कापडाच्या कडा शिवतं ते, आत नाजूक भागांचं नुसतं जंजाळ. ताईने ते पूर्ण खोललं, एक भाग मागवला, तो यायला काही दिवस लागले. भाग आल्यावर जोडायला बसली तर जुळेना. इथपर्यंत मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, होतं असं एखाद्या वेळी. मग ती म्हणाली की गेलं वर्षभर ती चोरून फोटो काढत होती. डोक्यावर पूर्वीसारखा भरवसा वाटत नव्हता म्हणून. फोटोवाल्याला इतकी हसली होती ना, आता कुठल्या तोंडाने सांगणार? कुणालाच सांगितलं नाही. खोलताना प्रत्येक पायरीला फोटो, आणि जोडताना उलट्या क्रमाने बघत जायचं.

"या मशीनचे मी काढले होते असं मला पक्कं वाटत होतं," ती म्हणाली. "बघितलं तर एखाद-दुसराच. म्हणजे काढलेच नव्हते. काढले असं नुसतं वाटलं."

ती निळी पट्टी डोळ्यांसमोर आली.

ताई पुढे सांगत होती. त्या बाईला तिचं मशीन सुटं, खोक्यात भरून परत द्यावं लागलं. बाई चांगली, काही बोलली नाही, नुसतं खोक्याकडे बघत राहिली. ते ताईला शिवीपेक्षा लागलं. मग ती थांबली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

आईचं शेवटी शेवटी काय झालं ते आम्ही दोघींनी बघितलं होतं. चष्मा डोळ्यांवर असायचा आणि ती घरभर शोधायची. पुढे चष्माही गेला आणि आम्हीही गेलो. ती आम्हाला शेजारच्या बायका समजायची. आईचं सगळं ताईने काढलं, मी वरवरची मदत केली. त्यामुळे भीती काय असते हे ताईला माझ्याहून जास्त माहीत होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. ताई, ते फोटो मी पुसले. एवढंच. पण ते म्हणायचं कुठल्या तोंडाने? मी दुसऱ्यांना पसाऱ्यावरून बोल लावणारी, मी न विचारता तिच्या फोनमध्ये हात घालून बसले होते, आणि पाठवते म्हणून कौतुकही घेतलं होतं. मी विचारलं, अजून चहा टाकू का? ती हो म्हणाली. मी चहा टाकला, तिच्या समोर बसले आणि प्यायले. त्या चहाची आठवण आली की आजही माझं मन मला खातं.

ती गेल्यावर मी फोन उघडला. पुसलेले फोटो काही दिवस अॅपच्या कचरापेटीत पडून असतात, हे मला ठाऊक होतं. सगळे होते. मला इतका आनंद झाला की मी खुळ्यासारखं मोठ्याने हुश्श म्हटलं. सगळे निवडले, परत जागेवर ठेवले. म्हटलं, ताईला उद्या-परवा दिसतील, ती ते मशीन मागवून जोडेल, तिची भीती जाईल, आणि माझंही काही निघणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कचरापेटीही रिकामी करून टाकली. सवय.

मी ताईच्या फोनची वाट बघत राहिले. तिचा आनंदाचा फोन येईल अशी माझी खात्री होती. आला नाही. मीच न राहवून दवाखान्यातून सुटल्यावर तिच्या दुकानावर गेले. ती बरण्या पुसत होती. एकेक बरणी पुसून खोक्यात ठेवत होती.

फोटो सापडले, असं तिने मला सांगितलं. मी तोंडावर आश्चर्य आणलं. हो, आणलं, त्याचीही मला लाज वाटते. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद कुठे होता? ती म्हणाली, सगळे होते गं. तारखेप्रमाणे, ओळीने, जिथे असायला हवेत तिथेच. मी त्या दिवशी दहादा बघितलं आणि मला दिसले नाहीत. आईला समोरचा चष्मा दिसायचा नाही, तसंच.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच निघाली असावी. फोटो काढायचे राहिले, हे कुणाचंही होतं, ते तिने एक वेळ पचवलं असतं. पण डोळ्यांसमोर असून दिसले नाहीत, याला तिच्याकडे एकच उत्तर होतं. ते उत्तर मी तिच्या हातात नेऊन दिलं होतं.

मग तिने सांगितलं की दुकान ती शेजारच्या शिंपीदादांना देते आहे. त्यांना कधीची जागा हवी होती. लोकांची मशीनं मोडण्याआधी आपण बाजूला झालेलं बरं, असं ती म्हणाली. घरी तिने दुधाचं पातेलं चढवणंसुद्धा बंद केलं होतं, गॅस चालू राहिला तर काय करा. डॉक्टरांची वेळ घेतली होती. मी म्हटलं, आधी डॉक्टर काय म्हणतात ते तरी बघ. ती म्हणाली, डॉक्टरांनी आईला काय दिलं होतं? मी वादावादी केली, दम भरला, विनवण्या केल्या. खरं तेवढं सांगितलं नाही. म्हणजे बघा, बहीण बुडते आहे, दोर माझ्या हातात आहे, आणि मी काठावरून तिला पोहायचं कसं ते शिकवते आहे.

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याने नेहमीसारखी मस्करी केली असती तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "हे मला कशाला सांगतेस?"

किल्ल्या द्यायच्या दिवशी मी रजा टाकून दुकानावर गेले. शिंपीदादा टेप घेऊन भिंत मापत होते. माणूस भला, त्यांनाही अवघडल्यासारखं होत होतं, म्हणून मापायचं ते दोनदा मापत होते. भिंतीवरचे पट्टे उतरवलेले, खिळे नुसते उभे. ताई तिच्या स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. ताईचे हात रिकामे मी जन्मात बघितले नव्हते.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, ते फोटो मी पुसले होते. आणि मीच परत ठेवले."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि हसली. उठून माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली, "लहानपणी माझ्या हातून बशी फुटली की तू आईला सांगायचीस, ती तुझ्याच हातून फुटली. अजून तशीच आहेस. पण खोटं तुला नीट जमत नाही गं."

आता आली का पंचाईत! इतके दिवस खरं बोलवत नव्हतं, आणि बोलले तर त्याला कुणी खरं मानेना. मी खात्याचं सांगितलं, एकच ढीग कसा, इथे पुसलं की तिथे जातं कसं, सगळं सांगितलं. ती मान डोलावत राहिली, आईच्या बोलण्याला आम्ही डोलवायचो तशी. दाखवायला पुरावाही नव्हता. कचरापेटी मीच तर झाडून पुसून लख्ख केली होती.

शेवटी मी तिला तिचा फोन काउंटरवर ठेवायला लावला. एक फोटो उघड म्हटलं, कुठलाही. तिने बॉबिनींच्या बरणीचा एक फोटो उघडला. हात लावू नकोस म्हटलं. मी माझ्या फोनवर तोच फोटो शोधला, तिला दाखवला, आणि पुसला. आम्ही दोघी तिच्या फोनकडे बघत राहिलो. बरणी तशीच. शिंपीदादाही टेप हातात धरून बघायला आले. बरणी ढिम्म हलेना. ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, असू दे म्हणाली. आणि तेवढ्यात बरणी गेली. तिच्या जागी माझी मुलगी आली, दात पडलेली, हसणारी.

ताईचा हात माझ्या पाठीवर होता तिथेच थांबला.

"परत आण," ती म्हणाली.

मी परत आणला. थोड्या वेळाने बरणी आली.

"पुन्हा पूस."

पुसला. गेली. तिने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, शिंपीदादांना सांगत होती, दादा, माझं डोकं ठीक आहे हो. तुम्ही बघितलंत ना? ते म्हणाले, बघितलं, ताई. ती म्हणाली, टेप गुंडाळा मग. त्यांनी खरोखरच टेप गुंडाळली, आणि तोंडावरून तरी त्यांना जागा गेल्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ते गेल्यावर ताईने डोळे पुसले. मी माफी मागायला तोंड उघडणार होते, पण तिने हात वर केला.

"पुसलेस ते न कळता," ती म्हणाली. "मान्य. परत ठेवलेस ते?"

मी माझ्या फोनवर बरणीचा फोटो परत जागेवर ठेवायला लागले.

"मी तुझ्या घरी बसून सांगत होते की माझं आईसारखं होतंय. आणि तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस."

ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. ती ओरडली नाही. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, माझा फोन तुझ्यातून सोडव. मी तिथेच, तिच्या काउंटरवर वाकून, तिचं वेगळं खातं काढलं. तिचे सगळे फोटो त्यात घातले आणि माझ्या ढिगातून काढले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिने फोन माझ्याकडून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतः टाकला. तो ती अजून विसरलेली नाही.

ते खोकं ती दुसऱ्याच दिवशी त्या बाईकडून परत घेऊन आली. मशीन जोडलं, चालवलं, नेऊन दिलं. दुकानात पट्टे पुन्हा खिळ्यांवर गेले, बरण्या फळीवर. रविवारी ती आमच्याकडे येते, मुलीशी मस्करी करते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. राग धरून बसणारी ती नाही, तो मान घरात माझा. मुलीचे फोटो आता मी तिला एकेक करून, खरोखर पाठवते. तिचं "छान" असं उत्तर येतं.

माझ्याकडे क्लाउडवर आता जागाच जागा आहे. अर्ध्याहून अधिक ढीग ताईचाच होता हे मला तेव्हा कळलं. अॅप अधूनमधून विचारतं, एकसारखे फोटो सापडले आहेत, काढून टाकायचे का? मी नाही म्हणते.

परवा दवाखान्यातून येताना तिच्या दुकानात डोकावले. दिव्याखाली कुणाचं तरी मशीन उघडं पडलं होतं, आणि ताई एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, एका हातात फोन घेऊन वाकली होती. फोटो बघून मशीन जोडत होती, आणि आता तिला त्याची लाजही वाटत नव्हती. माझी चाहूल लागली तशी तिने वर बघितलं, ये म्हणाली, पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला.